क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवून सफारी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी तयारीपासून परतीपर्यंत

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात भाड्याची साधी सेदान घेऊन, नकाशा मांडीवर ठेवून, दिवसभर आपलं आपण फिरता येतं. ताडोबात जिप्सी, चालक आणि गाइड यांच्याशिवाय गाभ्यात पाऊल टाकता येत नाही. इथे या तिन्ही भूमिका तुमच्याच. तिथली गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे भारतात गाडी चालवणाऱ्याला युरोप-अमेरिकेत होते तशी पंचाईत होत नाही. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. आपण प्रवासाला निघाल्यासारखी गाडी चालवतो आणि निम्मं जंगल न पाहता मागे टाकतो. ताशी २०-२५ किलोमीटरचा वेग आणि थांबून राहण्याची तयारी, सफारीची खरी साधनं ही दोनच. खालची बहुतेक सगळी मांडणी याच हिशेबावर उभी आहे.

आधी पसारा समजून घ्या

१८९८ मध्ये साबी नदीच्या परिसरात संरक्षित क्षेत्र जाहीर झालं आणि १९२६ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. आज क्षेत्रफळ सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे गाभा आणि बफर मिळून ताडोबा-अंधारी जेवढा होतो त्याच्या साधारण अकरा पट. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३५० किलोमीटर. एका फेरीत सगळं पाहायचा हट्ट धरलात तर रोज फक्त रस्ता कापला जाईल.

पहिल्या खेपेला ऑलिफंट्स नदीच्या दक्षिणेलाच राहा. त्याला कारण आहे. नदीच्या उत्तरेला मैलोन्‌मैल मोपाने झाडांचं एकसुरी रान आहे. तिथे हत्ती आणि पक्षी उत्तम, पण एकूण प्राणी विरळ. दक्षिणेत पाऊस थोडा जास्त आणि झाडोरा विविध. दक्षिणेच्या पूर्व भागात बेसॉल्टची काळी जमीन आहे, सह्याद्रीच्या कातळाच्याच जातीची. तिच्यावर पौष्टिक गवत येतं, गवतामागे झेब्रे आणि विल्डबीस्ट येतात, त्यांच्यामागे सिंह. साटारा आणि लोअर साबी या कॅम्पांचं सिंहांसाठी नाव आहे ते यामुळे.

कधी जावं

मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा. गवत बसलेलं, झुडपांची पानं गळलेली, पाणी मोजक्याच जागी. म्हणून प्राणी दिसतात. पहाटे चांगलीच थंडी असते. उघड्या जीपमधून जायचं असेल तर कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट लागतंच. आफ्रिका म्हटल्यावर लोक सुती कपडे भरतात आणि पहिल्याच पहाटे कुडकुडतात. ऑक्टोबरपासून पाऊस सुरू होतो आणि रान हिरवं होतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इम्पाला हरणांची पिल्लं जन्मतात, स्थलांतरित पक्षी आलेले असतात, पण गवत उंच आणि पारा कधीकधी चाळिशीला टेकलेला. मोठ्या पावसानंतर कच्चे रस्ते आणि नदीवरचे ठेंगणे पूल बंद होतात, हेही ध्यानात ठेवा. पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी तिथला हा पावसाळी उन्हाळाच निवडावा. बाकीच्यांना आम्ही ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर सुचवू: पाणवठे आटलेले असतात आणि तिथल्या शाळांच्या जून-जुलैच्या सुट्टीची गर्दी ओसरलेली असते.

बुकिंग आणि मुक्कामांचा क्रम

उद्यानाच्या आतले कॅम्प सॅनपार्क्स (SANParks) ही सरकारी संस्था चालवते. तिच्या संकेतस्थळावरची नोंदणी साधारण अकरा महिने आधी खुली होते. लोअर साबी आणि साटारा सर्वांत आधी भरतात. जागा मिळाली नाही तरी रोज एकदा पाहत राहा, रद्द झालेल्या खोल्या परत दिसू लागतात. तंबूपासून स्वयंपाकघर असलेल्या बंगल्यापर्यंत सगळे प्रकार आहेत. राहण्याच्या भाड्याशिवाय माणशी, प्रत्येक दिवसाचं संवर्धन शुल्क वेगळं आकारतात आणि परदेशी पाहुण्यांना ते जास्त असतं. पाच-सहा दिवसांहून अधिक राहणार असाल तर शुल्काला दिवसांनी गुणून ‘वाइल्ड कार्ड’ या वार्षिक प्रवेशपासाची किंमत ताडून पाहा.

कुंपणाबाहेरचं स्वस्त हॉटेल घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. नोव्हेंबर ते जानेवारीत आतल्या कॅम्पांचे दरवाजे साडेचारला उघडतात, बाहेरची गेटं साडेपाचला. म्हणजे सर्वांत मोलाचा एक तास आत राहणाऱ्यांनाच मिळतो.

सहा रात्रींसाठी हा क्रम सोयीचा आहे: मलेलाने गेटने आत शिरून पहिली रात्र बर्ग-एन-डाल (गेटपासून जेमतेम बारा किलोमीटर, उशीर झाला तरी धावपळ नाही), मग दोन रात्री लोअर साबी, तीन रात्री साटारा आणि ऑर्पन गेटने बाहेर. रोज कॅम्प बदलू नका. एका जागी किमान दोन सकाळी मिळाल्या की कोणत्या वळणावर काय असतं याची ओळख होते आणि दुसऱ्या दिवशी ती कामी येते.

कागदपत्रं आणि औषधं

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो. दोन महिने हाताशी ठेवा. मुलं बरोबर असतील तर आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला जवळ ठेवा. इंग्रजी मजकूर, फोटो आणि सही असलेला भारतीय परवाना तिथे चालतो, तरी आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या. गाडी भाड्याने देणारे आणि विमावाले तो मागतात.

तिकीट नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रात प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवा. दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या यादीत नाही, पण केनिया-इथिओपिया आहेत, आणि अडवणूक जाताना तशी भारतात परतल्यावरही होऊ शकते. दुबई-दोहामार्गे हा प्रश्नच येत नाही.

क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. धोका मुख्यतः सप्टेंबर ते मे, कोरड्या महिन्यांत कमी. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाहीत आणि कोणत्या, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. परतल्यावरही त्या ठरलेले दिवस पुऱ्या कराव्या लागतात, आणि नेमक्या तिथेच त्या सोडल्या जातात. संध्याकाळपासून पूर्ण बाह्या आणि मच्छररोधक मलम हवंच.

गाडी

डांबरी आणि कच्चे, दोन्ही रस्ते साध्या गाडीला झेपतात. फोर-बाय-फोर लागत नाही. उंच बैठक मात्र उपयोगी, विशेषतः गवत वाढलेलं असताना, कारण सेदानमधून दिसणार नाही ते एसयूव्हीतून दिसतं. ऑटोमॅटिक गिअर घ्या. पाय क्लचवर न ठेवता तासन्‌तास सरपटत जाणं आणि प्रसंगी झटकन मागे घेणं दोन्ही सोपं होतं. ताबा घेताना जादा टायर, जॅक, पाना आणि टायर-काचेचा विमा तपासा. जंगलात टायर बदलायला खाली उतरता येत नाही. पंक्चर झालं तर आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करून मदत येईपर्यंत आतच बसायचं. तो क्रमांक प्रवेशाच्या पावतीवर आहे का पाहा आणि फोनमध्ये भरून ठेवा.

जोहान्सबर्गच्या विमानतळापासून एन-४ महामार्गाने मलेलाने गेट चारशेच्या आसपास किलोमीटर, पाच तासांचा रस्ता, वाटेत टोलनाके. रात्रीच्या विमानाने उतरून लगेच निघू नका. अंधारात रस्त्यावर गुरं येतात, खड्डे दिसत नाहीत आणि लुटीची भीती असते. पहिली रात्र विमानतळाजवळ काढून सकाळी निघा. गेटवर तुमच्या कॅम्पचं अंतर पाहतात. बंद होण्याआधी पोचणार नाही असं दिसलं तर आत सोडत नाहीत.

रोजचा दिवस

डांबरी रस्त्यावर कमाल वेग ५०, कच्च्यावर ४०. वेगमापक बंदुका घेऊन पथकं उभी असतात. पण ५० हा वेग मुक्कामाला उशीर झाला तरच कामाचा. त्या वेगाला झाडावरचा बिबट्या दिसत नाही. नियोजन करताना ताशी २० किलोमीटर धरा. स्कुकुझा हा मुख्य कॅम्प ते लोअर साबी हा नदीकाठचा एच४-१ रस्ता ४६ किलोमीटरचा. कागदावर तास, प्रत्यक्षात अडीच-तीन. संध्याकाळी कॅम्पचा दरवाजा बंद झाल्यावर पोचलात तर दंड होतो. मे ते जुलैत तो साडेपाचला बंद होतो. आपल्याला साडेपाच म्हणजे दुपार वाटते आणि घोटाळा होतो तो इथेच.

दरवाजा उघडण्याआधी दहा मिनिटं रांगेत असावं. पहिला दीड तास सोन्यासारखा: सिंह अजून रस्त्यावर, रात्रभर ऊब धरून राहिलेलं डांबर सोडून न उठलेले, तरसं पिलांसह बिळाबाहेर. क्रुगरमध्ये तरसं डांबरी रस्त्याखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत बिळं करतात. म्हणून सकाळी प्रत्येक मोरीजवळ गाडी जरा हळू करा. दहा-साडेदहानंतर प्राणी सावलीला जातात, तुम्हीही जा. दुपारी तीनला पुन्हा निघा.

साटाराहून सकाळची एक चांगली फेरी: कच्चा एस१००, मग एस४१, मग डांबरी एच६ ने परत. थांबत थांबत चार तास लागतात. लोअर साबीहून एच१० वर त्शोक्वाने या सहलीच्या जागेकडे जाताना एन्कुम्बे टेकडीवरून खाली पसरलेलं गवताळ मैदान दिसतं. दुर्बीण लावून तिथे वीस मिनिटं द्या. लोअर साबीच्या दाराशीच असलेला सनसेट डॅम तर गाडी उभी करून दोन तास बसण्याची जागा आहे: पाणघोडे, मगरी, बगळे, पाण्यावर येणारे कळप, सगळं खिडकीतून. स्कुकुझाजवळच्या लेक पॅनिक इथल्या लपणात (प्राणी-पक्षी पाहण्यासाठी पाण्याकाठी बांधलेल्या आडोशात) उतरून बसता येतं. तिथे खंड्या हातभर अंतरावर येऊन बसतो.

स्वच्छतागृहं फक्त गेट, कॅम्प, सहलीच्या ठरवलेल्या जागा आणि काही मोजक्या लपणांजवळ आहेत. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर दोन तासांत अशी जागा येईल असाच रस्ता निवडा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण निम्म्या सकाळी यामुळेच वाया जातात.

प्राणी कसे सापडतात

एकानं गाडी चालवायची आणि फक्त रस्ता व रस्त्याची कडा पाहायची. बाकीच्यांनी बाजू वाटून घ्यायच्या. झुडपांकडे न पाहता झुडपांमधून आरपार पाहायला शिका. प्राणी अख्खा दिसत नाही. दिसतो तो हललेला कान, आडवी रेघ, फांदीवरून लोंबणारी शेपटी. जंगलात बहुतेक रेघा उभ्या असतात. आडवी रेघ दिसली की गाडी थांबवा.

दुसऱ्यांच्या नजरा वापरा. इम्पालांचा कळप चरणं सोडून एकाच दिशेला टक लावून फुरफुरत असेल, जिराफ मान न हलवता एकीकडेच पाहत असेल, वानरं किंवा गिनी फाउल कलकलाट करत असतील, तर त्या दिशेला काहीतरी आहे. ताडोबातला अलार्म कॉल ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवं नाही. फक्त चितळाऐवजी इम्पाला आणि सांबराऐवजी कुडू. कुडूचं खोल भुंकणं ऐकू आलं तर इंजिन बंद करा आणि अर्धा तास हलू नका. गिधाडं आकाशात घिरट्या घालत असतील तर ती नुसतीच हवेचा झोत पकडत असतील. एकामागून एक खाली उतरत असतील किंवा एकाच झाडावर दाटीनं बसली असतील तर खाली शिकार आहे. बिबट्या शोधायचा तो नदीकाठच्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्यांवर, चित्ता मोकळ्या रानातल्या वारुळांवर.

पुढे गाड्यांची गर्दी दिसली की सगळे तिकडे धावतात. तुम्ही थोडं अलीकडे थांबून खात्री करून घ्या, रस्ता अडवू नका, बाहेर पडायला मागेपुढे जागा ठेवा. अर्ध्या तासानं गर्दी पांगते, प्राणी बहुधा तिथेच असतो.

कॅम्पमधल्या फलकांवर रंगीत खुणांनी कुठे काय दिसलं ते लावलेलं असतं. वाचा, पण त्यामागे धावू नका. आणि गेंडा दिसला तर त्याचं ठिकाण कुणाला सांगू नका. फोटो टाकताना फोनची स्थाननोंद बंद करा. शिंगासाठी होणाऱ्या शिकारीनं इथले गेंडे फार कमी झाले आहेत आणि शिकाऱ्यांना अशा फोटोंतूनही माहिती पोचू शकते.

अगदी जवळ आल्यावर

नियम सरळ आहे: खूण असलेल्या जागांशिवाय गाडीतून उतरायचं नाही आणि खिडकी, दार, छतातून शरीराचा कोणताही भाग बाहेर काढायचा नाही. सिंहाला गाडी हा एक अखंड, ओळखीचा आकार वाटतो. त्यातून माणूस कमरेपर्यंत बाहेर आला की तो आकार मोडतो आणि आत माणूस आहे हे त्याला कळतं. वाटेतल्या सिंहाला हॉर्न देऊ नका, तो उठेल तेव्हा उठेल.

खरी काळजी हत्तींची घ्यावी लागते. गाड्या उलथवल्या जातात त्या सिंहांकडून नव्हे. कळप रस्ता ओलांडत असेल तर किमान ५० मीटरवर थांबा, इंजिन चालू ठेवा आणि मागची वाट मोकळी आहे ना ते आरशात पाहा. मागे दुसरी गाडी चिकटली असेल तर तिला हातानं नव्हे, उलट्या गिअरच्या दिव्यानं इशारा द्या. मादी आणि पिल्लू रस्त्याच्या दोन बाजूंना असतील तर मध्ये कधीही शिरू नका. पिल्लू छोटं असेल आणि कळपातलं शेवटचं जनावर अजून आलं नसेल तर थांबून राहा. कान फैलावणं, डोकं झटकणं, सोंडेनं धूळ उडवणं, एक पाय हवेत झुलवत राहणं, या सगळ्याचा अर्थ ‘मागे हो’ असाच घ्या.

एकटा नर असेल तर त्याची कानशिलं पाहा. तिथे मद गळून काळे ओघळ आले असतील, मागचे पाय मूत्राच्या ठिपक्यांनी ओले असतील, मान ताठ असेल, तर तो मदात आहे. त्याला १०० मीटर द्या आणि तो तुमच्या दिशेनं रस्त्यावरून येत असेल तर तो थांबेपर्यंत मागे घेत राहा, एखादा किलोमीटर लागला तरी. बाजूनं काढून जायचा प्रयत्न हीच ती चूक.

रस्त्यावर हत्तीची लीद दिसली तर चाक वळवून जा. तिच्यात शेणकिडे काम करत असतात.

रात्री आणि पायी जायचं असेल तर उद्यानाच्याच सफाऱ्या घ्या. सूर्योदयाची, सूर्यास्ताची आणि रात्रीची जीप कॅम्पवरून निघते, तीही आगाऊ बुक होते. सहा वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. सकाळच्या पायी फेरीत आठ जण, दोन सशस्त्र वाटाडे. वय किमान बारा. गाडीतून फिरून जे कळत नाही ते इथे दोन तासांत कळतं: माग, वास, वारा कुठून वाहतो. एक सकाळ यासाठी ठेवाच.

दुर्बीण, कॅमेरा, वीज

प्रत्येकी एक दुर्बीण, ८×४२. एकच दुर्बीण चौघांत फिरवली की भांडणं होतात आणि प्राणी निघून जातो. कॅमेऱ्याला १००-४०० मिमीची लेन्स पुरते. ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी. त्याऐवजी कापडी पिशवी रिकामी न्या, तिथे तांदूळ भरून खिडकीच्या कडेवर ठेवा. शेवटी तोच तांदूळ शिजवता येतो. फोटो काढताना इंजिन बंद करा, थरथर फोटोत उतरते. ड्रोनला बंदी आहे. विजेचे सॉकेट मोठ्या तीन गोल पिनांचे, आपल्याकडे गीझरला असतात त्याच धाटणीचे. जाड पिनेचा एक एक्स्टेंशन बोर्ड नेला की सगळ्यांचे चार्जर भागतात.

जेवण

कॅम्पमधल्या हॉटेलांत मांसाहाराचा भर असतो आणि शाकाहाऱ्याची बोळवण बटाट्यावर होते. स्वयंपाकघराची खोली घ्या. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात भारतीय किराणा मिळतो. तांदूळ, डाळ, पोहे, मसाले तिथूनच भरा. भारतातून ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, दुधाचे पदार्थ नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. सहलीच्या जागांवर ‘स्कॉटल’ नावाची गॅसवरची पसरट तवी भाड्यानं मिळते. सकाळी सहाला बाहेर पडून नऊला तिच्यावर गरम पोहे करता येतात. मात्र चाखमा (बबून जातीची मोठी माकडं) आणि वानरं टपून असतात. टेबलावर ताट ठेवून पाठ फिरवू नका, खोलीचं दार आणि व्हरांड्यातल्या फ्रिजची कडी लावा, त्यांना दाराची कडी काढता येते. आणि खायला घालू नका: माणसाकडून खाणं मिळण्याची सवय लागलेलं माकड पुढे धीट होतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं. रात्री कुंपणापाशी येऊन उभ्या राहणाऱ्या तरसांनाही तेच लागू.

निघताना

शेवटच्या दिवशी सकाळची फेरी मारून मग ऑर्पनकडे निघा. साटाराहून गेट ४८ किलोमीटर आहे आणि तो रस्ताही हळूच जाण्याजोगा. रानम्हशींमुळे लाळ्या-खुरकुताचा संसर्ग बाहेरच्या गुरांत जाऊ नये म्हणून गेटवर गाडी तपासतात; कच्चं मांस उरलं असेल तर बाहेर नेता येत नाही. ऑर्पन ते जोहान्सबर्ग सहा तास धरा आणि त्याच संध्याकाळचं विमान घेऊ नका.

घरी परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर तो फ्लू समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांना क्रुगरला जाऊन आल्याचं आधी सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या.